निळ्या कोटाचं गाऱ्हाणं

ही आग तुम्ही लावलीत, साहेब. आता धूर कुठून येतोय म्हणून अहवाल मागवताय, पण काडी ओढली तुमच्याच खात्याने. जिल्ह्यात धंदा यावा, कारखाने यावेत, बाहेरच्यांनी पैसा घालावा म्हणून तुम्ही योजना काढलीत. मुंबईत पोटापाण्याला आलेली जिल्ह्यातली माणसं धरायची, त्यांना 'उद्योगदूत' म्हणायचं आणि त्यांनी शेठलोकांना पटवून गावाकडे न्यायचं. पगार नाही, प्रवासभत्ता नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा. इथवर ठीक होतं. पण मग तुम्ही त्यांना कोट दिलात. निळा, पितळी बटणांचा, खिशावर जिल्ह्याचं चिन्ह शिवलेला. आणि तालुक्याला एकच.

कोकणातली माणसं तुम्हाला ठाऊक नव्हती? पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीवर पहिली कुऱ्हाड कुणाची, एवढ्यावरून जिथे आजा कोर्टात गेला आणि नातू अजून तारखांना जातोय, तिथे तुम्ही एकच कोट फेकलात. मांजरांच्या घोळक्यात एकच बांगडा फेकावा तसा. पगार दिला असतात तर एवढं भांडण झालं नसतं. पगार वाटून घेता येतो. मान वाटता येत नाही.

तो कोट सुशांतला मिळाला, आणि जयवंत जळायला लागला.

जयवंत म्हणजे खांबडोसचा जयवंत गावकर. पन्नाशी उलटलेला, केस अजून काळे, आवाज घंटेसारखा. साकीनाक्याच्या एका गल्लीत त्याचा गाळा. वर पत्रा, खाली तेलाने काळी पडलेली फरशी. प्लॅस्टिकच्या पिशव्या सील करायची यंत्रं दुरुस्त करायची, जुनी घेऊन नवी करून विकायची, हा धंदा. बाप गिरणीत होता. गिरणी गेली आणि बाप गावी गेला. जयवंत इथेच राहिला, असल्फ्याच्या डोंगरावर घर केलं, बायको माणिक आली.

यंत्रं म्हटली की गिऱ्हाईकं आली. फरसाणवाले, मसालेवाले, सुकामेवावाले. यंत्राचं पोट उघडून बसलं की जयवंत त्यांच्या कानाशी गावाचं तुणतुणं वाजवायचा. "शेठ, आमच्या खांबडोसचा काजू खाऊन बघा. नंतर दुसरा तोंडात धरणार नाही." बोरिवलीला मालवणी जत्रा असो की मुलुंडला महोत्सव, गावच्या बायकांचा स्टॉल लावायला, पाल बांधायला, उरलेला माल परत भरायला जयवंत हजर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तुमच्या खात्याला 'उद्योगदूत' हा शब्द सुचला नव्हता तेव्हापासून हा माणूस बिनकोटाचा दूत होता.

मुलुंडचे धरोड शेठ त्याचंच जुनं गिऱ्हाईक. कच्छी माणूस, सुक्यामेव्याचा मोठा व्यापार, जन्म मुलुंडचा, मराठी तुमच्या-आमच्यासारखं. जयवंतने एका वर्षी त्यांना ग्रामदेव रवळनाथाच्या जत्रेला गावी नेलं होतं. शेठ जैन, म्हणून जानकी वहिनीने खास बिनकांद्याची ओल्या काजूची उसळ केली. जानकी म्हणजे जयवंतच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हापासून ती गावात एकटीने घर ओढत होती. सकाळी वाडीतल्या बायकांबरोबर टेम्पोत बसून लांबच्या कारखान्यात काजू फोडायला जायची, दिवेलागणीला परत यायची. तिची मुलगी जान्हवी शिकली, पण गावात कामच नाही, म्हणून गोव्याच्या एका पॅकिंग कंपनीत नोकरीला आणि तिथेच भाड्याच्या खोलीत. शेठ वहिनीच्या पडवीत बसले, उसळ खाल्ली, काजूची बाग बघितली आणि म्हणाले, "जयवंतभाई, इथेच कारखाना टाकला पाहिजे. बघू ना."

ते 'बघू ना' वर्षानुवर्षं चाललं. जयवंत प्रत्येक दिवाळीला आठवण करायचा, शेठ प्रत्येक दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचे आणि म्हणायचे, "बघू ना."

मग तुमची योजना आली. जयवंतने अर्ज केला. त्याला वाटलं, अर्ज ही नुसती रीत, कोट आपल्या मापाचाच शिवायला टाकला असणार. मुलाखत मोबाइलवर झाली. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू. पलीकडून तुमच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या तालुक्याची ओळख एका मिनिटात करून द्या." जयवंतने सुरुवात केली घाटापासून. मिनिट संपलं तेव्हा तो अजून घाटच उतरत होता.

सुशांत धुरीने ते मिनिट बरोबर मारलं असणार. तो त्याच वाडीतला, पण वाढला मुलुंडला. चाळिशीच्या अलीकडचा. प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीत नोकरी, इंग्रजी फर्डं, मालवणी मोडकंतोडकं. गावी फक्त गणपतीला. तेही पाच दिवसांचे असतील तर तीन दिवस.

निवड झाली तेव्हा वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला. निळा कोट, हात पुढे बांधलेले, मागे जिल्ह्याचा नकाशा. खाली अभिनंदनाचा पाऊस. 'वाडीची शान', 'झकास रे सुशांत', 'रवळनाथाची कृपा'. जयवंतनेही अंगठा टाकला. तोंडदेखला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी खिशावरचं चिन्ह बघितलं. मग बटणं. मग खांदे. कोट खांद्यावर कुठे ओघळतोय का, कुठे चुणी पडलीय का, हे तो इतकं बारीक बघत होता की समोरचं ताट गार झालं.

"त्या फोटोत काय मासळी वाढलीय?" माणिक म्हणाली. "जेवा की."

"सुशांत झाला उद्योगदूत."

"मग? फुकटचंच काम ना ते?"

"फुकटचंच."

"मग जळताय कशाला? दुसऱ्याच्या पगारावर जळणारे बघितले हो. बिनपगारावर जळणारे तुम्ही पहिलेच."

"तुका नाय कळाचा ता."

"मला सगळं कळतं. तुम्ही मालवणीत उतरलात की समजायचं, पोटात आग आहे."

आग होतीच. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला सुटे भाग आणायला गेला, तर पाय आपोआप एका शिंप्याच्या दुकानात वळले. निळ्या कापडाचा तागा बोटांत धरून विचारलं, "असल्याचा कोट चांगला होतो काय?" शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि हसून म्हणाला, "होतो की. लग्न कुणाचं?" जयवंतला एकदम स्वतःचीच लाज वाटली. कापड तिथेच टाकून तो बाहेर पडला, आणि घरी येईपर्यंत शिंप्याला शिव्या घालत राहिला. शिंप्याने काय घोडं मारलं होतं?

आता एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण ती जयवंतला माहीत होती आणि तो ती कुणापाशी बोलत नव्हता. सुशांत कामाचा निघाला. नुसता फोटो काढून बसला नाही. शेठ वर्षानुवर्षं 'बघू ना' का म्हणत होते, हे त्याने पहिल्याच भेटीत विचारून घेतलं. कारखान्याला लागणारी थ्री-फेज वीज वाडीपर्यंत येत नव्हती, एवढीच अडचण. जयवंतने कधी ते विचारलंच नव्हतं. तो प्रत्येक दिवाळीला काजूची चव सांगत राहिला. सुशांतने सुट्ट्या टाकून वीज कचेरीचे उंबरे झिजवले, लाइन मंजूर करून आणली, शाळेच्या मागच्या माळावर जागा दाखवली, आणि शेठ 'हो' म्हणाले. सुशांत लबाड असता तर जयवंत सुखाने झोपला असता. तो कामाचा होता, हेच दुखणं.

आणि त्यावर मीठ चोळलं, साहेब, ते तुम्ही. तुमच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापून आलं: 'धरोड उद्योगसमूहास प्रथमच आपल्या तालुक्याची ओळख करून देण्याचे श्रेय उद्योगदूत श्री. सुशांत धुरी यांना जाते.' प्रथमच! जयवंतने ते वाचलं, पुन्हा वाचलं, माणिकला वाचून दाखवलं, गाळ्यावर आलेल्या फरसाणवाल्याला वाचून दाखवलं. छापण्याआधी गावात एक फोन करून विचारलं असतंत तर काय तुमचं खातं बुडलं असतं?

मग गावाहून जानकीचा फोन आला.

"भावजी, ऐकलास मा? आपल्या माळार कारखानो येतलो! शेठ सह्यो करतले म्हणान घाटकोपराक मोठो कार्यक्रम आसा. वाडयेतल्यो आमी चार-पाच बायलो येतंव. तुमच्याकडेच उतरतंव हां."

"येवा ना वयनी. तुमचाच घर."

"आणि जान्हवीक शेठनी सुपरवायझर म्हणान घेवचा कबूल केल्यानी. चेडू घराक येतला, भावजी. इतक्या वर्सांनी माझ्या घरात दोन ताटां लागतली. सुशांतान केल्यान हो. तुमच्या भावाचो जो शब्द होतो, वाडयेत कायतरी उभा करूचो, तो सुशांतान पुरो केल्यान. पोरान वाडयेचा नाव काढल्यान."

जयवंतने फोन ठेवला आणि हातातला पाना एवढ्या जोरात आवळला की बोल्टाचा आटाच गेला. वहिनीसुद्धा! जिच्या पडवीत त्याने शेठला बसवलं, जिच्या हातची उसळ शेठने त्याच्यामुळे खाल्ली, तीसुद्धा सुशांतचीच आरती ओवाळते! जान्हवी परत येणार ह्याचा आनंद त्याला झाला नाही असं नाही. झाला. पण तो आनंद घशाखाली उतरायच्या आधीच मत्सराने त्याला वाटेत गाठलं.

दोन दिवसांनी सुशांत स्वतः गाळ्यावर आला. साध्या शर्टात. वाकून पाया पडला.

"काका, घाटकोपरच्या कार्यक्रमात गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं."

"कित्या? तुझ्या खात्यान गाऱ्हाण्याक दूत नेमूक नाय?"

"काय काका तुम्ही पण! खातं दीपप्रज्वलन म्हणत होतं. मीच अडून बसलो, म्हटलं आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय नारळसुद्धा फुटत नाही. आणि मान तर तुमच्या घराण्याचा."

"मान माझा, कोट तुझा. वाटणी बरी केलीस रे."

सुशांत हसला. त्याला वाटलं, काका गंमत करतायत. "मला येत असतं तरी मी घातलं नसतं, काका. तुमचा आवाज लागला ना, की अंगावर काटा येतो."

हे खरं होतं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मांडलेलं मागणं. खांबडोसात ते गावकरांच्या थोरल्या पुरुषानेच घालायचं. तो एकेक वाक्य बोलतो, शेवटी 'महाराजा' म्हणतो, आणि जमलेल्या प्रत्येकाने 'व्हय महाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारायचा. लहान मुलं बोलायला शिकतात ती 'आई' आणि 'व्हय महाराजा' एकदमच शिकतात. ज्याच्या तोंडून गाऱ्हाणं पडतं ती जयवंतची एकट्याची जागा होती. तिथे कोट लागत नव्हता.

"येतंय," जयवंत म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट बरं वाटत होतं, की पोरगा अखेर आपल्या दारात आला.

कार्यक्रम रविवारी सकाळी, घाटकोपरच्या एका हॉलमध्ये. व्यासपीठावर रवळनाथाची तसबीर, समोर नारळ, विडे, समई. जयवंत धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून वेळेआधी पोचला. दारात बिल्ला लावलेल्या मुलीने नाव विचारलं.

"जयवंत गावकर. गाऱ्हाणा घालतलो मी."

तिने कागदावर बोट फिरवलं. "सांस्कृतिक कार्यक्रम का? ते तिसऱ्या रांगेत बसतील, काका."

पहिल्या रांगेत निळे कोट होते. सगळ्या तालुक्यांचे दूत. मध्ये सुशांत, त्याच्या बाजूला धरोड शेठ. मागे भिंतीजवळ जानकी आणि वाडीतल्या बायका, नव्या लुगड्यांत, अंग चोरून बसलेल्या. जयवंत तिसऱ्या रांगेत बसला आणि समोरच्या कोटाच्या पाठीवरची शिवण बघत राहिला. भाषणं झाली. प्रत्येक भाषणात सुशांतचं नाव. एका साहेबांनी तर पुस्तिकेतलंच वाक्य वाचून दाखवलं, प्रथमच ओळख करून देण्याचं. जयवंतने पुढे बघितलं. सुशांत आता वळेल, म्हणेल, नाही हो, पहिले आमचे जयवंतकाका. एवढंच पाहिजे होतं. एवढ्या एका वाक्यावर तो सगळं माफ करायला तयार होता.

सुशांत वळला नाही. खाली मान घालून हसला, आणि टाळ्या संपायची वाट बघत राहिला.

मग जयवंतला वर बोलावलं. बाजूला शेठ आणि सुशांत, दोघांच्या मिळून हातात नारळ. गाऱ्हाणं झालं की नारळ वाढवायचा आणि शेठनी करारावर सही करायची. जयवंतने डोळे मिटले, हात जोडले, आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा महाराजा!"

"व्हय महाराजा!" हॉल दणाणला. माईकची गरजच उरली नाही.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या, बारा पाचाच्या देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज तुझी लेकरां ह्या परमुलखात एकठय जमली हत, तेंची सेवा मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"धरोड शेठ तुझ्या पायाशी कारखानो काढतत. तेंची भट्टी कधी विझा नये महाराजा!"

"व्हय महाराजा!"

इथवर सगळं नीट होतं. एवढ्यात फोटोवाल्याने जयवंतच्या दंडाला हात लावला. गाऱ्हाणं चालू असताना! आणि हळूच म्हणाला, "काका, जरा बाजूला सरका ना. कोटवाले सर फ्रेममध्ये येत नाहीयेत."

जयवंतने डोळे उघडले. सुशांत कोटाचं बटण लावत होता.

माणसाच्या जिभेवर देव बसतो म्हणतात. जयवंतच्या जिभेवर त्या वेळी कोण बसलं होतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

"आणि जो कोण दुसऱ्याच्या कष्टार आपलो कोट चढवन मिरवता, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेना लावलेला झाड धरा नये महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेना आणलेला मनीस टिका नये, तेना उघडलेलो दरवाजो उघडो रवा नये रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. पूर्ण छातीने म्हटलं. गाऱ्हाण्याचे शब्द कोण ऐकतो? कान फक्त शेवटचं 'महाराजा' पकडतो आणि गळा आपला आपण उघडतो. निळ्या कोटातल्या दूतांनी म्हटलं. मागच्या भिंतीजवळून जानकीने म्हटलं. सुशांतचेसुद्धा ओठ हलले. शब्द कानातून डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. मग कुणाची तरी खुर्ची कर्रकन वाजली.

प्रत्येक शब्द नीट ऐकलेला एकच माणूस तिथे होता. तो गावचा नव्हता, त्याला 'व्हय महाराजा' म्हणायची सवय नव्हती, म्हणून तो ऐकत होता. धरोड शेठनी नारळावरचा हात काढला.

"जयवंतभाई, कुठला दरवाजा?"

जयवंतने जोडलेले हात खाली घेतले.

"सुशांतभाईने आणलेला माणूस म्हणजे मीच ना?"

"शेठ, काका गमतीत—" सुशांत मध्ये पडला.

"देवासमोर गंमत कोण करतं? आणि एकट्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. अख्ख्या गावाने हो म्हटलं, यार." शेठचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी दुकानाचं शटर उघडायच्या आधी देवाला हात जोडतो. असल्या बोलावर मी एक वीट ठेवणार नाही."

गावच्या मुंबईतल्या माणसांत सगळ्यात वयस्कर अंबादास बुवा. ते काठी टेकत पुढे आले. "शेठ, ह्याच्यार उपाय आसा. घातलेला गाऱ्हाणा सोडवता येता. पण ज्यान घातला त्यानाच सोडवचा लागता. गावात, देवळात, सगळ्यांच्या समोर. आपला नाव घेवचा, चूक खयची ती उघड सांगायची. दुसऱ्या कोणी तोंड घातला तर चालणा नाय."

"मग सोडवा," शेठ म्हणाले. "मी येईन ऐकायला. नाहीतर शेजारच्या तालुक्याचा दूत रोज फोन करतोय मला. तिथे पण काजू आहे, वीज पण आहे." त्यांनी तसबिरीला हात जोडले, चपला घातल्या आणि निघून गेले. कराराचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत राहिला.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी जयवंतला गोड वाटलं. सुशांतचा चेहरा उतरलेला बघून इतक्या महिन्यांची जळजळ एकदम निवली. ताकाचा पेला घटाघट प्यावा तशी. सुशांत त्याच्यासमोर आला, कोट काढून हातात घेतला.

"मला शिव्या घालायच्या होत्या तर बाहेर घालायच्या होत्या, काका. कानफटात मारायची होती. देवाला कशाला मध्ये आणलंत?"

"पुस्तकात काय छापलास तू? प्रथमच?"

"मी नाही छापलं. त्यांनी छापलं."

"आणि आता वाचलानी तेव्हा तुझी जीभ खय गेली होती?"

सुशांतने मान खाली घातली. मग वर केली. "गप्प बसलो. बरं वाटलं ऐकायला, म्हणून गप्प बसलो. हो, चुकलं माझं. पण तुम्ही माझी चूक माझ्याकडून वसूल करायची होती. त्या बायकांकडून कशाला केलीत?" आणि तो खाली उतरून गेला.

हॉलवाल्याची माणसं खुर्च्या एकावर एक चढवायला लागली. साहेब, तुमची माणसं तोवर गाड्यांत बसून गेलीसुद्धा. जेवणाचे डबे तेवढे बरोबर नेले. व्यासपीठाच्या पायरीवर जयवंत एकटाच बसला होता. जानकी मागच्या भिंतीजवळून उठली आणि रिकाम्या रांगांमधून चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"वयनी, माका तुमच्या वाटेर येवचा नव्हता..."

"माझ्याच वाटेर इलास," ती म्हणाली. "मी पण 'व्हय महाराजा' म्हटलंय, भावजी. मोठ्यान म्हटलंय. माझा चेडू घराक येवचा नाय, ह्या तुमी माझ्याच तोंडातसून वदवन घेतलास."

"शेठक पयलो मी आणलंय, वयनी. तुमका ठावक आसा. उसळ तुमी केलास..."

"आसा ना ठावक. मीच केलंय ना उसळ. मगे? उसळ मी केलंय म्हणान मी खय कोट मागलंय?"

इतक्या महिन्यांत जयवंतने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांचा हिशोब मांडला होता, कुणी आधी काय केलं त्याचा. त्या हिशोबात वहिनीची उसळ त्याने स्वतःच्या खात्यावर मांडली होती.

"गावाक चला," जानकी म्हणाली. "अंबादास बुवांनी सांगितल्यानी तसा देवळात उभे रवा. शेठ येतले, मी हातापाया पडान आणतंय तेंका. गाऱ्हाणा सोडवा."

जयवंतने वर बघितलं. देवळाचा सभामंडप त्याला डोळ्यांपुढे दिसला. वाडी जमलेली, पोरंटोरं खांबांना टेकलेली, आणि त्याने, गावकरांच्या थोरल्याने, भरल्या मंडपात सांगायचं, की मी जळलो. एका फुकटच्या कोटावर जळलो. आणि एवढं सगळं होऊनही त्याच्या तोंडून जे निघालं ते हेच,

"सुशांत थयसर असतलो?"

जानकी आणखी एक पाऊल पुढे आली.

"असतलो. पुढे असतलो, शेठच्या बाजूक असतलो. आणि मी सांगतलंय तेका, कोट घालून ये म्हणान. तेच्या तोंडार तुमका सांगूचा पडतला, माझ्या पोटात दुखला म्हणून मी असा बोललंय. तेच्याशिवाय देव ऐकूचो नाय आणि मी पण ऐकूचंय नाय." तिने पदर कमरेला खोचला. "जान्हवी सकाळपासून फोन करता हा. आवशी, सही झाली काय, म्हणान इचारता हा. मी अजून उचलूक नाय. आता उचलतलंय, आणि तेका कायतरी सांगूचा लागतला. बोला, भावजी. येतास काय नाय?"